त्रेचाळीस फुटांच्या अलीकडे

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही, कुणी चाक फिरवत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. पुढं प्रयाग चिखलीला कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी त्यात मिळून पंचगंगा होते, आणि कोल्हापूर, इचलकरंजी मागं टाकत ती आमच्या शिरोळ तालुक्यात येऊन नृसिंहवाडीला कृष्णेला भेटते. दरवाजा आपोआप उघडतो, पाणी आपोआप येतं. त्याची बातमी मात्र अजून हातोहात पुढं सरकते. कुणीतरी कार्यालयात कळवतो, तिथून कुणीतरी संदेश टाइप करतो, तो पत्रकारांच्या ग्रुपवर जातो, तिथून भावकीच्या ग्रुपवर. पाण्याची चाल ठरलेली असते. बातमीची चाल कोण जागं आहे आणि कोण झोपलंय यावर ठरते.

मी पंचगंगेकाठच्या गावात संगणकाचे वर्ग घेते. सासरची जमीन मळीतली आहे, म्हणजे पूर पहिल्यांदा आमच्याच बांधावर येतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि आमच्यासारख्या गावांनी जनावरं, धान्य, वह्यापुस्तकं जे हाताला लागेल ते उचलून वरच्या गावांची वाट धरली. त्यानंतर गावातल्या काही मुलांना घेऊन मी टेलिग्रामवर आपोआप सूचना देणारी एक छोटी सोय उभी केली. तिच्या अनुभवावरून माझं एक ठाम मत झालंय, तेच इथं मांडते. पुराची सूचना सरकारच्या आकड्यावर बेतून चालत नाही. ज्याला ती मिळणार, त्याला जो निर्णय घ्यायचाय त्यावर ती बेतायला हवी. आणि हे काम गावाला स्वतः करता येतं.

कोल्हापूरकरांना दोन आकडे पाठ असतात. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात वर्तमानपत्रांचे मथळे या दोन आकड्यांभोवती फिरतात. आमची सोय उभी करताना मुलांनीही आधी हेच आकडे घातले. मी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोबाइल दाखवला. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाले, "पोरी, त्रेचाळीस फुटाला सांगून मला काय उपयोग? तवर मोटार दोन पुरुष पाण्याखाली गेलेली असती."

ते शब्दशः खरं आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याचा पूर ४३ फुटांच्या कितीतरी आधी सुरू होतो. पाणी पात्राबाहेर पडायच्या आत काठावरची मोटार वर काढावी लागते. स्टार्टरची पेटी उतरवायची, सक्शन पाइप सोडायचा, चेनपुली लावायची, ट्रॅक्टर बोलवायचा, आणि हे सगळं चिखलात. माणसं चार तरी लागतात आणि ती त्या दिवशी सगळ्यांनाच लागतात. मोटार बुडाली की तिचं वाइंडिंग करायला पूर ओसरल्यावर दुकानात रांग लागते, आणि तोवर ऊस वाळतो. पुरात बुडालेला ऊस पुढच्या महिन्यात पाण्यावाचून वाळलेला आम्ही पाहिलाय. पाणीपुरवठा संस्थेच्या मोठ्या मोटारींचं तर आणखी अवघड. त्यांच्यावर शेकडो एकर अवलंबून असतात.

मोटारीनंतर जनावरं. गोठा किती उंचीवर आहे यावर प्रत्येक घराची वेळ वेगळी. म्हैस हलवायची म्हणजे नुसती म्हैस नसते. तिची वैरण, पेंड, दावी, आणि जिथं नेणार तिथं संध्याकाळी दूध काढून संस्थेला घालायची सोय. हे बहुतेक घरांत बायका बघतात, आणि पुराच्या चर्चेत त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मला सांगितलं, "मला नदीचं काय सांगू नगंस, वड्यावरचा पूल कधी बुडणार तेवढं सांग." त्यांचं माहेर पलीकडं आहे आणि म्हशी तिकडंच न्यायच्या असतात. पूल बुडाला की मग नदी घरापासून कितीही लांब असली तरी त्यांच्या दृष्टीनं वेळ निघून गेलेली. त्यांचा आकडा पुलाचा, मामांचा मोटारीचा, दूध संस्थेच्या सचिवांचा टँकर येणाऱ्या रस्त्याचा. घरात पाणी शिरण्याचा आकडा सगळ्यांत शेवटी.

म्हणून आमच्या सोयीत मूळ गोष्ट ही आहे की माणूस आपली पातळी स्वतः सांगतो. टेलिग्रामवर 'बॉट' नावाची सुविधा २०१५ पासून आहे. बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो असं खातं. टेलिग्रामच्याच 'बॉटफादर' या खात्याला नाव सांगितलं की एक लांबलचक गुप्त किल्ली मिळते, तिला टोकन म्हणतात. एवढ्यावर प्रोग्रामला संदेश पाठवता येतो, तोही फुकट. आमची आकडेवारी गुगल शीटमध्ये असते. आमच्या गावच्या बंधाऱ्याजवळ राहणारा माझा एक जुना विद्यार्थी पातळीची पट्टी वाचून मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आकडा भरतो. राजाराम बंधाऱ्याचा आकडा जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या माहितीतून घेतला जातो. शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम दर १५ मिनिटांनी जागा होतो, ताजी पातळी आणि प्रत्येकानं सांगितलेली पातळी ताडून पाहतो आणि ज्याची वेळ आली त्यालाच निरोप धाडतो. दहावीनंतर संगणकाचा वर्ग केलेल्या मुलीनं यातला बराचसा भाग लिहिलाय. हे रॉकेट उडवण्याइतकं कठीण काम आहे असा समज गावागावांत आहे, तो मोडायला हवा.

अवघड होतं ते पुढचं, आणि ते संगणकाचं नव्हतं. कोणता आकडा कुठल्या पट्टीवरचा, हे आधी नक्की करावं लागलं. राजाराम, तेरवाड, शिरोळ, राजापूर या प्रत्येक बंधाऱ्याची पट्टी आपापल्या शून्यापासून सुरू होते. एका ठिकाणचे ४० फूट म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे ४० फूट नव्हेत. ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांत ठिकाणाचं नाव गळून गेलं की माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात, आणि दुसरं जास्त वाईट. मग आम्ही जुन्या माणसांना बसवून विचारलं: पाणी पिंपळापर्यंत आलं तेव्हा पट्टीवर काय होतं? स्मशानशेड बुडाली तेव्हा? मळीच्या रस्त्यावर आलं तेव्हा? काहींनी पंपघराच्या भिंतीवर पुराच्या खुणा तारखेसह करून ठेवलेल्या होत्या. या खुणा म्हणजे गावाचा खरा तक्ता, आणि तो कुठल्याही कार्यालयात नाही.

निरोप कसा असावा यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की त्यात बंधाऱ्याचं नाव, वाचनाची वेळ, पातळी, तासाला किती इंच वाढ किंवा उतार, आणि 'तुम्ही मोटारीसाठी सांगितलेली पातळी आता एक फुटावर आहे' असं एक वाक्य, एवढंच असेल. सुप्रभात नाही, देवाचा फोटो नाही, नेत्याचं नाव तर मुळीच नाही. वाढीचा वेग हा त्यातला सर्वांत मोलाचा आकडा आहे असं मला वाटतं. तासाला एक इंच असेल तर जेवून निघता येतं, तासाला सहा इंच असेल तर ताट तसंच ठेवून उठावं लागतं. आमच्याकडं पूर इंचांत बोलला जातो आणि निरोपही इंचांत यायला हवा; मीटरमधले दशांश चिन्हातले आकडे अभियंत्यांना सोयीचे, काठावरच्या माणसाला नाहीत.

दोन बारकावे सांगते, कारण असं काही उभं करू पाहणाऱ्याला ते उपयोगी पडतील. पातळी ठरलेल्या आकड्याभोवती वरखाली होत राहिली तर प्रोग्राम प्रत्येक वेळी निरोप पाठवतो, आणि पाचव्या निरोपानंतर माणूस आवाज बंद करतो. म्हणून निरोप एकदाच जायचा, आणि पाणी अर्धा फूट खाली उतरून पुन्हा चढलं तरच दुसरा. दुसरा बारकावा त्याहून महत्त्वाचा. आकडे यायचे थांबले तर यंत्रणेनं ते ओरडून सांगायला हवं. वाचणाऱ्याचा फोन बंद पडला, इंटरनेट गेलं, कुणी आजारी पडलं, काहीही होऊ शकतं. त्या वेळी सूचना येत नाही म्हणजे पाणी वाढत नाही, असं समजून माणसं झोपतात. आमच्याकडं तीन तास नवा आकडा आला नाही की सर्वांना निरोप जातो: माहिती थांबली आहे, स्वतः जाऊन बघा. ज्या स्वयंचलित सूचनेत ही सोय नाही, ती गावानं स्वीकारूच नये असं माझं म्हणणं आहे.

लोक विचारतात, व्हॉट्सॲपवर का नाही? ते तर सगळ्यांकडं आहे. व्हॉट्सॲपवर यंत्रानं संदेश पाठवायचे तर त्यांच्या व्यावसायिक सेवेत नोंदणी करावी लागते, संदेशाचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवलेल्या संदेशांना पैसे पडतात. ग्रामपंचायतीला किंवा साखर कारखान्याला हे सहज जमण्यासारखं आहे, पाच-सहा मुलांना नाही. कार्यालयातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून त्यातून शेकडो संदेश ढकलणारी सॉफ्टवेअर बाजारात मिळतात, पण ती नियमाबाहेरची आहेत, आणि तसा नंबर कंपनी बंद करते. ऐन पुरात नंबर बंद पडण्याचा धोका मी गावाच्या माथी मारणार नाही. एसएमएसचा मार्ग चांगला, साध्या फोनवरही चालतो. पण दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांमुळं पाठवणाऱ्याची, त्याच्या नावाची आणि मजकुराची आधी नोंदणी लागते. ते नियम योग्यच आहेत, नाहीतर फसवणुकीच्या संदेशांना ऊत आला असता. पण संस्था म्हणून कुणीतरी पुढं यावं लागतं.

आम्ही टेलिग्राम गावात पोचवलं ते दूध संस्थेच्या रांगेत. संध्याकाळी दूध घालायला सगळी घरं येतात. तिथं उभं राहून एकेकाच्या फोनवर ॲप घातलं, 'स्टार्ट' दाबायला सांगितलं, पातळी विचारली. बॉट आपण होऊन कुणाला पहिला संदेश पाठवू शकत नाही. माणसानं आधी स्टार्ट दाबावंच लागतं. मला ही अट फार आवडते. आपण मागितलेला निरोप आणि आपल्यावर लादलेला निरोप यांना माणूस वेगळं वागवतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना स्वयंचलित निरोप नवाही नाही. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर सांगणारा दुधाचा एसएमएस ते वर्षानुवर्षं वाचतात, आणि दशांश चिन्हानंतरचा आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी सचिवाला जाब विचारतात. इतक्या चोखपणे वाचणाऱ्या माणसांना नदीचा आकडा समजणार नाही असं कुणी म्हणू नये.

सरकार काहीच करत नाही, असा माझा आरोप नाही. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच' ॲप २०२३ मध्ये आलं. त्याच वर्षी परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम इशारा पाठवण्याच्या चाचण्या झाल्या. हातातला फोन मोठ्यानं वाजून पडद्यावर संदेश आल्याचं अनेकांना आठवत असेल. जिवावरच्या प्रसंगी ती सोय अमोल आहे. पण बरेचसे इशारे जिल्ह्यावर दिले जातात आणि पावसावर दिले जातात, आणि शिरोळचं दुखणं नेमकं तिथं आहे. आमच्याकडं पाऊस फारसा पडत नाही. तो पडतो गगनबावड्याला, राधानगरीला, दाजीपूरच्या जंगलात. आमच्या अंगणात ऊन पडलेलं असतं आणि नदी शेतात येत असते. 'कोल्हापूर जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा' हा संदेश वाचून शिरोळचा माणूस आभाळाकडं बघतो आणि कामाला लागतो. त्यातून कृष्णा आणि पंचगंगा या दोघींची फूग आमच्या तालुक्यात एकमेकींना अडवते, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद दर पावसाळ्यात पेटतो. त्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. बंधाऱ्यावर आत्ता किती फूट आहे, हे सांगायला कुठल्याही लवादाची गरज नाही.

लवकर सांगण्याच्या बाजूनं आणखी एक कारण आहे. पाणी वस्तीकडं येऊ लागलं की सुरक्षिततेसाठी वीज बंद करतात, आणि ते करावंच लागतं. मग टॉवरची बॅटरी संपते, फोन चार्ज होत नाही, रेंज जाते. म्हणजे धोका पातळीच्या पुढं, जेव्हा सर्वांत जास्त निरोप पाठवायची वेळ येते, तेव्हा ते ऐकणारा फोनच मुका झालेला असतो. मोबाइलवरची सूचना पुराच्या आधीचीच असू शकते. ऐन पुरात भोंगा, दवंडी आणि नाव यांचंच राज्य. त्यामुळं आमच्या यादीत काही नावं अशी आहेत, ज्यांना निरोप स्वतःसाठी जात नाही. देवळाचा भोंगा ज्यांच्या हाती आहे ते पुजारी, एकटी राहणारी म्हातारी माणसं ज्यांच्या शेजारी आहेत ती मुलं, मागासवर्गीय वस्तीतले आणि नदीकडेच्या झोपड्यांतले एकेक जण. साधा फोनही नसलेल्या घरापर्यंत निरोप पायांनीच जातो, आणि ते पाय कुणाचे हे जूनच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

या सगळ्यात एक दुवा कच्चा आहे, आणि तो गावाच्या हातातला नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागानं स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसवलेत. यंत्रं मोजतात, आकडे विभागाकडं जातात. आमच्यापर्यंत मात्र बऱ्याचदा ते टाइप केलेल्या परिपत्रकात, पीडीएफमध्ये किंवा चक्क कागदाच्या फोटोत येतात. प्रोग्रामला फोटो वाचायला लावणं म्हणजे चुकीला आमंत्रण: ३८ चा ३३ व्हायला वेळ लागत नाही. मला मोठं पोर्टल नको, नवं ॲप नको, उद्घाटन नको. ठिकाण, वेळ, पातळी आणि धरणाच्या बाबतीत विसर्ग, एवढे चार रकाने असलेली एक साधी फाइल दर तासाला एकाच पत्त्यावर ठेवावी, जी कुठल्याही गावाच्या प्रोग्रामला उचलता येईल. राधानगरीचा दरवाजा उघडला की त्याच फाइलमध्ये त्याच मिनिटाला ओळ पडावी. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचं जाहीर केलं. दाखले घरबसल्या मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. त्या यादीत नदीची पातळीही असावी, आणि ती मागणाऱ्यानं आपला आकडा सांगितला तर त्याच आकड्याला त्याला निरोप जावा.

यावर दोन आक्षेप मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेत. पहिला, उघड आकड्यांमुळं घबराट पसरेल. माझा अनुभव उलट आहे. तारीख-वेळ नसलेले जुने व्हिडिओ आणि 'धरण फुटलं'सारखे फॉरवर्ड तेव्हाच फिरतात, जेव्हा खरा आकडा कुठं बघायचा हे माणसाला माहीत नसतं. आमच्या गावात असा फॉरवर्ड आला की आता कुणीतरी खाली बॉटचा ताजा आकडा चिकटवतो आणि विषय संपतो. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: यंत्र चुकलं तर कोण? तो रास्त आहे, आणि म्हणूनच ही सोय उत्साही मुलांच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही. टोकन ज्याच्या हाती, त्याला गावाच्या नावानं कुणालाही काहीही कळवता येतं. ते दोनच जबाबदार माणसांकडं असावं, फुटल्याचा संशय येताच बॉटफादरकडून बदलून घ्यावं. यादीतली नावं निवडणुकीच्या प्रचाराला, खताच्या जाहिरातीला, कशालाही देता कामा नयेत. एकदा त्या यादीवर मताचा जोगवा मागणारा संदेश आला की पुढच्या पुरात कुणी फोन उघडणार नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. सूचनेची ही सोय ग्रामपंचायतीनं आपल्या नावावर घ्यावी. पट्टी वाचणाऱ्या तरुणाला पावसाळ्याचे चार महिने मानधन द्यावं, कारण रात्री दोन वाजता विजेरी घेऊन बंधाऱ्यावर जाणं हे काम आहे, सेवाभाव म्हणून कुणाकडून फुकट करून घ्यायचं नाही. पंपघरांवरच्या आणि घरांवरच्या जुन्या पुराच्या खुणा मोजून त्यांचा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर रंगवावा. आणि एसएमएससाठी लागणारी नोंदणी पंचायतीनं मे महिन्यातच करावी, म्हणजे साधा फोन असलेली घरंही यादीत येतील. शेजारच्या दोन गावांतल्या मुलींनी प्रोग्राम मागून घेतलाय. त्यांच्या बंधाऱ्याची पट्टी वेगळी आहे, आकडे त्या आपल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारून भरणार आहेत.